रिव्हॉल्व्हर घ्यायचे ठरवले असेल तर

"पिस्तूल चांगले की रिव्हॉल्व्हर?" हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात अजून परवाना नसतो. अनेकांनी तर अर्जही केलेला नसतो. दरोड्याची, खंडणीच्या फोनची किंवा भर रस्त्यात पैशांची बॅग पळवल्याची बातमी आली की आठ-दहा दिवस हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मे २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरला वाळूजजवळच्या बजाजनगरात एका उद्योजकाच्या बंगल्यावर मोठा दरोडा पडला. त्यानंतर शहरातले सराफ, कारखानदार, पेट्रोलपंपचालक आणि जाधववाडी बाजारातले व्यापारी सगळे हेच विचारत होते. त्यांची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या दरोड्याच्या वेळी मालक आणि त्यांचे कुटुंब परदेशात होते, हे लक्षात घ्या. घरात परवान्याचे शस्त्र ठेवलेले असते तर सोन्या-चांदीबरोबर तेही दरोडेखोरांच्या हाती गेले असते.

म्हणून दुकानात काय मिळते ते पाहण्याआधी शस्त्र नेमके कशासाठी हवे आहे, त्यापासून सुरुवात करू.

आधी गरज कागदावर लिहा

एक वही घ्या आणि धोका कोणता, कुठे, किती वाजता आणि कोणाकडून, एवढे लिहून काढा. "जमाना खराब आहे" हे कारण पोलीस चौकशीतही टिकत नाही आणि शस्त्र निवडायलाही उपयोगी पडत नाही.

- रोख रक्कम घेऊन प्रवास करावा लागतो: रोकड कमी करता येईल का, बँकेची रोख उचलण्याची सेवा घेता येईल का, रोजची वेळ आणि रस्ता बदलता येईल का, हे आधी तपासा. मागून दुचाकीवर आलेले दोघे बॅग हिसकावून निघून जातात, तेव्हा कमरेचे शस्त्र बाहेर काढायला वेळच मिळत नाही.
- शेतवस्तीवर राहता: वस्तीवर प्रखर दिवे, कुत्री आणि शेजारच्या वस्त्यांशी फोनचा संपर्क यांचा उपयोग जास्त होतो. शस्त्रच हवे असेल तर लांब नळीची बारा बोअर बंदूक हँडगनपेक्षा हाताळायला सोपी असते आणि लांबूनही दिसते.
- बिबट्याची भीती वाटते: जुलै २०२४ मध्ये बिबट्या शहरात उल्कानगरी भागात दिसला, तेव्हा अनेकांनी परवान्याची चौकशी केली. बिबट्यासाठी हँडगन घेऊ नका. जखमी बिबट्या जास्त धोकादायक असतो आणि वन्यजीव कायद्याने त्याला सर्वात कडक संरक्षण दिलेले आहे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवा.
- ठरावीक व्यक्तीकडून धमक्या येतात: प्रत्येक धमकीची पोलिसांत लेखी नोंद करा. स्वतःसाठी हँडगन मागण्याचे सर्वात ठोस कारण हेच आहे आणि त्याचा पुरावाही याच नोंदींतून उभा राहतो.

पहिल्या तीन प्रकारांत बसत असाल तर हँडगनवर लाख-दीड लाख घालण्यापूर्वी तेच पैसे भक्कम दार, कॅमेरे आणि रात्रीचा माणूस यांवर खर्च करून पाहा. मिरचीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलालाही शस्त्र परवाना लागत नाही, पण ते नेमबाजीच्या सरावासाठी असते. ते दाखवून कोणाला घाबरवू नका. समोरच्याकडे खरे शस्त्र असेल तर तुमच्या हातातल्या खेळण्यामुळे तो आधी गोळी झाडेल.

अर्ज कोणाकडे करायचा

शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्त देतात. त्यांचे कार्यालय मिल कॉर्नरला आहे. कन्नड, वैजापूर, पैठण, सिल्लोडसारख्या ग्रामीण भागात राहणाऱ्यांना जिल्हाधिकारी परवाना देतात. तुम्ही प्रत्यक्ष राहता तो पत्ताच हद्द ठरवतो, दुकानाचा पत्ता नाही. या गोंधळात काही जणांचे दोन-तीन महिने वाया जातात.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा. वय किमान २१ हवे. ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे लागतात, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये असते. हे प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्या. केवळ पैसे घेऊन सही-शिक्का मारून देणारे लोक भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. अर्ज तपासणीत अडकेल हा झाला एक भाग. दुसरा असा की शस्त्र सुरक्षितपणे रिकामे कसे करायचे, ते तुम्हाला कोणीच शिकवलेले नसेल.

त्यानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अहवालासाठी शस्त्र नियमांत ३० दिवस दिले आहेत आणि अहवाल आल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. म्हणून अर्जाची पोच, तारीख आणि पुढच्या प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवा. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला धोक्याचे कागद दाखवा, फक्त तोंडी सांगत बसू नका.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेले शस्त्रही या दोनांतच धरले जाते.

तुम्हाला मिळू शकते ते एवढेच

चित्रपट आणि परदेशी व्हिडिओ पाहून लोक ९ एमएमचे नाव घेतात. ९ एमएम, .३८ आणि .४५ ही बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. परवान्याशिवाय असे शस्त्र जवळ सापडले तर सात ते चौदा वर्षांची शिक्षा होऊ शकते. तुमच्यासाठी व्यवहारात .३२ उरते, जोडीला थोडे .२२.

.३२ म्हणतानाही एक गोष्ट पक्की करून घ्या. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस ही वेगवेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब, पिस्तुलाचे आखूड, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर कोणते शस्त्र लिहिले जायला हवे ते अर्जातच स्पष्ट करा.

भारतात बनणारे मुख्य पर्याय असे:

- .३२ मार्क थ्री रिव्हॉल्व्हर: आयुध निर्माणीचे जुने, सहा राउंडचे रिव्हॉल्व्हर. मधून मोडून राउंड भरायचे.
- निर्भीक: २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने आणलेले हलके .३२ रिव्हॉल्व्हर, वजन साधारण ५०० ग्रॅम. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती.
- प्रबल: २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने आणलेले .३२ रिव्हॉल्व्हर, वजन सुमारे ७०० ग्रॅम. सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे भरणे आणि रिकामे करणे सोपे जाते.
- अशनी: आयुध निर्माणीचे .३२ पिस्तूल.

खासगी क्षेत्रात उत्तर प्रदेशातल्या संडिल्याला वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले आहेत. परदेशी हँडगनची आयात नागरिकांसाठी ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरचा भाव कित्येक लाखांवर गेला आहे. हा भाव दुर्मिळतेचा आहे. पन्नास-साठ वर्षांच्या स्प्रिंगवर जीव टांगायचा असेल तर आधी परवानाधारक गनस्मिथकडून ते तपासून घ्या. माझे मत विचाराल तर घेऊच नका.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्षातून दोन-चार वेळाच सराव करणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्व्हर सांगतो. कारण साधे आहे. भरलेले आहे की रिकामे, ते सिलिंडर उघडले की डोळ्यांना दिसते. एखादा राउंड फुसका निघाला तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचा राउंड समोर येतो. मॅगझिन नसते, स्लाइड मागे ओढावी लागत नाही.

पिस्तूल चपटे असते, शर्टाखाली कमी दिसते, त्यात राउंड जास्त बसतात आणि मॅगझिन बदलले की पुन्हा तयार होते. पण ते हाताच्या सवयीवर चालते. राउंड अडकला तर काय करायचे हे विचार न करता हातांना आले पाहिजे. पिस्तुलाचे अपघात एका चुकीमुळे वारंवार होतात. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असे लोक समजतात. पण एक राउंड चेंबरमध्ये उरलेला असतो. त्याच समजुतीत साफसफाई सुरू होते आणि चाप ओढला जातो. एकदा माझ्यासमोर एका अनुभवी परवानाधारकाने "रिकामेच आहे" म्हणत पिस्तूल टेबलावर ठेवले. मी स्लाइड मागे ओढली तर आतून राउंड उडून फरशीवर पडला. खोलीत त्यांचा नातूही होता. तेव्हापासून कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी मी स्वतः पाहिल्याशिवाय शस्त्राला रिकामे म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

दुकानात गेल्यावर या गोष्टी तपासा:

- मूठ तळहातात पूर्ण बसते का, आणि तर्जनी चापापर्यंत न ताणता पोहोचते का. हात लहान असेल तर मोठी मूठ निशाणा बिघडवते.
- विक्रेत्याच्या परवानगीने, रिकाम्या शस्त्राचा चाप एका हाताने सलग सहा वेळा ओढून पाहा. भारतीय रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. तिसऱ्या वेळीच बोट थरथरत असेल तर तो नमुना तुमच्यासाठी नाही.
- पिस्तूल घेत असाल तर घामेजलेल्या हातांनी स्लाइड मागे ओढता येते का? मे महिन्यात आपल्याकडे हात कोरडे राहत नाहीत.
- चष्म्याशिवाय नेम धरायची पुढची माशी दिसते का? रात्री झोपेतून उठलात तर चष्मा उशाशी असेलच असे नाही.
- हलके शस्त्र बाळगायला सोपे असते, पण गोळी सुटताना हाताला जास्त धक्का देते. निर्भीकसारखे हलके शस्त्र घेणाऱ्यांनी आधी वजनदार शस्त्रावर सराव करावा.

घरातल्या दुसऱ्या कोणी ते वापरायचे नाही, त्यामुळे "बायकोलाही जमेल असे" ही कसोटी लावू नका. त्यांना स्वतःसाठी शस्त्र हवे असेल तर परवाना त्यांच्या नावाने आणि निवड त्यांच्या हाताने झाली पाहिजे.

काडतुसांच्या बाबतीत कंजूषी नको, पण साठाही नको. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेले असते. प्रत्येक पावती जपून ठेवा आणि सरावात वापरलेल्या राउंडची नोंद ठेवा. जुने राउंड सरावात संपवून बाळगण्यासाठी नवे घ्या.

अंगावर बाळगताना

सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे, असे नियम सांगतो. पँटच्या खिशात, गाडीच्या डिकीत किंवा सीटखाली शस्त्र ठेवू नका. चाप पूर्ण झाकेल असे कडक होल्स्टर घ्या. सैल कापडी पाऊच नको. दुचाकीवर घसरून पडल्यावर शस्त्र कोणत्या दिशेला असेल, याचा विचार करून जागा ठरवा.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचेच परवान्याचे रिव्हॉल्व्हर निसटले आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पडल्यावर घोड्याला आदळ बसून गोळी सुटू शकते. तुमचे शस्त्र जुने असेल तर घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवून पाचच राउंड भरा.

दारू प्यायची असेल त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात. याला अपवाद नाही.

वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खंडेनवमीला पूजेत शस्त्र मांडता, जरूर मांडा, पण राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा आणि फोटो किंवा रील टाकू नका. त्यावरून गुन्हे दाखल होतात, आणि आपल्या घरात शस्त्र आहे हेही गावाला कळते.

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरात अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश निघतात. सण, मोर्चे, निवडणुकीच्या काळात ते वाचा. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर इंदूर किंवा हैदराबादला जाताना शस्त्र घेऊन जाता येत नाही.

घरात ठेवताना

भिंतीला किंवा फरशीला बोल्टने घट्ट केलेली तिजोरी घ्या. राउंड वेगळ्या कुलपात. किल्ली किंवा क्रमांक तुमच्याशिवाय कोणाकडे नको, मुलांकडे नको, ड्रायव्हरकडे तर मुळीच नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस तपासानुसार ते पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेले होते. शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडले तर पहिला प्रश्न परवानाधारकालाच विचारला जातो.

हे लिहिताना अवघड वाटते, पण लिहायलाच हवे. कर्ज, आजारपण, घटस्फोट किंवा पीक बुडाल्यामुळे घरातले कोणी खचले असेल, तर शस्त्र त्याच दिवशी घराबाहेर काढा. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते रीतसर जमा करता येते. पावती घ्या. त्या माणसाला बरे वाटू लागले, सहा महिने झाले, की परत आणा. तुम्ही स्वतःच ते खचलेले माणूस असाल, तर हे काम आजच कोणा जवळच्या माणसाला सांगा.

फसगत कुठे होते

मध्य प्रदेशाच्या सीमेवरून, चोपड्यापलीकडच्या उमर्टीसारख्या गावांतून गावठी कट्टे आपल्याकडे येतात. स्वस्त म्हणून कोणी देऊ केला तर हात लावू नका. विनापरवाना शस्त्रासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि असा कट्टा हातातच फुटू शकतो.

"पंधरा दिवसांत परवाना" म्हणणाऱ्या दलालांनाही पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातल्या खोट्या पत्त्यावर काढलेले परवाने पुढे उघडे पडतात. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक असतो. हा क्रमांक नसलेला परवाना स्वीकारू नका.

परवाना मिळाला म्हणजे तो कायमचा, असेही समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये मसाजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. तुमच्यावर एखादा गुन्हा दाखल झाला, तर परवान्यावर गदा येऊ शकते. शस्त्राचे प्रदर्शन केले तर गदा येणारच.

गोळी झाडण्याचा हक्क कुठवर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाची कलमे ३४ ते ४४ मध्ये आहेत. जीव जाण्याची, गंभीर इजेची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल तर बचाव हल्लेखोराच्या जिवापर्यंत जाऊ शकतो. मालमत्तेसाठी हीच मुभा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणे अशा थोड्या प्रसंगांत आहे. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी मारली, तर आरोपी तुम्ही होता. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की संकटात सापडलेल्या माणसाकडून सोन्याच्या तराजूने मोजून बचाव करण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. पण भीती रास्त होती, हे तुम्हालाच दाखवावे लागते.

गोळी झाडली गेलीच, तर ११२ ला फोन करा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवा, जागा आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या हलवू नका, शस्त्र पोलिसांकडे द्या आणि सविस्तर जबाबाआधी वकिलांशी बोला.

नकार आला तर

परवाना हा मूलभूत हक्क नाही, पण अर्जावर कायद्याप्रमाणे निर्णय मिळणे हा तुमचा हक्क आहे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास द्यावी लागतात, फक्त सार्वजनिक हिताचे कारण असेल तर ती रोखता येतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र कायद्याचे कलम १४ सांगते. छोट्या दुकानदारांनी हे कलम लक्षात ठेवावे. आदेशापासून ३० दिवसांत अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्या. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घरात ठेवणे हा गुन्हा आहे.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. धोका खरोखर असेल तर छाननी समितीकडे सूट मागा, अर्जाला जुन्या तक्रारींच्या प्रती जोडा. सूट मिळाली नाही तर वेळेत जमा करा आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या.

वडिलांची बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर घरात असेल आणि ते वारले असतील, तर "नंतर बघू" म्हणून ते कपाटात ठेवू नका. त्यांच्या परवान्याने तुम्हाला ते ठेवता येत नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाच्या नावाने अर्ज करा. इतर वारसांचे ना हरकत पत्र लागते, ते तेराव्यानंतर भावंडे एकत्र असतानाच घेऊन ठेवा. वडील हयात असतील आणि सत्तरी ओलांडली असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची सोय नियमांत आहे. त्यासाठी त्यांचा अर्ज त्यांच्याच सहीने करून घ्या.